बुजगावणे इलेव्हन

आमच्या क्रिकेट संघाचं नाव बुजगावणे इलेव्हन. ऐकणारा आधी हसतो आणि मग हमखास विचारतो, हे नाव पडलं कसं? या प्रश्नाची मला पाच वर्षं धास्ती होती. कारण खरं उत्तर दोघांनाच ठाऊक होतं, मला आणि आमच्या कप्तानाला, आणि ते माझ्या थोरल्या भावाला कळू नये एवढीच माझी इच्छा होती.

दादाचं भातकुलीजवळ शेत, त्यात वांगी आणि झेंडू. माल तो स्वतःच्या 'छोटा हत्ती' टेम्पोतून अमरावतीच्या बाजारात नेतो आणि रविवारी त्याच गाडीतून आम्हाला सामन्यांना. लहानपणी गुडघा दुखावला तेव्हापासून त्याला पळता येत नाही. अकरावा माणूस मिळेना, म्हणून आम्ही त्याला सीमारेषेवर उभा करायचो. मी वेगवान गोलंदाज. माझं डोकं मात्र चेंडूपेक्षा वेगात जायचं.

एकदा शेवटच्या षटकात चेंडू दादाच्या हातभर अंतरावरून सीमेपार गेला आणि आम्ही हरलो. सामना संपल्यावर मी कप्तानासमोर टोपी आपटून म्हणालो, "याच्यापरीस बुजगावणं उभं केलं असतं, तर पाखरं तरी भेली असती!" कप्तान पोट धरून हसला. दादा तेव्हा पलीकडे हापशीवर पाण्याचा ड्रम भरत होता.

पुढच्या स्पर्धेच्या फॉर्मवर संघाच्या नावाचा रकाना होता. कप्तानाने माझ्याकडे बघून डोळा मारला आणि त्यात 'बुजगावणे इलेव्हन' लिहून टाकलं. मीही हसलो. ते हसू आठवलं की आजही स्वतःची लाज वाटते.

दादाने फॉर्म वाचला. "हे नाव कावून?"

"शेतकऱ्यायची टीम हाय," कप्तान म्हणाला, "म्हणून नाव बी शेतातलंच."

"चांगलं हाय," दादा म्हणाला. आणि आठ दिवसांत त्याने कपाशीच्या वाळलेल्या पऱ्हाट्यांचं एक बुजगावणं बांधून आणलं. वर मडक्याचं डोकं, चुन्याचे डोळे, अंगात त्याचाच जुना चौकड्यांचा शर्ट. तेव्हापासून दर हंगामाला बुजगावणं नवं आणि शर्ट दादाचा. भोळा बिचारा, असं मी मनात म्हणायचो.

या एप्रिलमध्ये आम्ही अकोल्याच्या स्पर्धेत पोचलो. तिथल्या समालोचकाला एक खोड होती. सामन्याआधी तो कप्तानाच्या हातात माईक द्यायचा आणि संघाच्या नावाची गोष्ट सांगायला लावायचा. समोर दोन-तीन हजार माणूस. आमच्याआधी वांगे इलेव्हनचा नंबर होता. नांदगाव पेठेच्या एका कारखान्यातून त्यांना नापास मालाचा गठ्ठा मिळाला होता, जांभळे टी-शर्ट आणि हिरव्या कॉलरी. लोक वांगे म्हणून चिडवायला लागले, तर यांनी तेच नाव घेतलं आणि काठीवर कापडी वांगं नाचवायला सुरुवात केली. मैदान लोटपोट झालं.

आमच्या कप्तानाला गोष्ट रंगवून सांगायची भारी हौस. मी त्याचा दंड धरला. "शेतातलं नाव हाय एवढंच सांग. बाकी काही बोलू नोको."

"अरे, पाच वर्षं झाली! आता कोण मनावर घेते?" त्याने हात सोडवून घेतला.

"आता येऊन राहिले बुजगावणे इलेव्हन!" भोंगा ओरडला. "सांगा कप्तान, हे नाव कसं पडलं?"

"त्याचं असं झालं," कप्तान सुरू झाला, "एका मॅचमंधी लास्ट ओव्हर चालू होती. आमचा एक फिल्डर बाउंड्रीवर उभा. बॉल त्याच्या बाजूनं गेला, अन् हा गडी..." त्याने हात पसरून ताठ उभं राहून दाखवलं. लोक खिदळले. त्याने हसतच माझ्याकडे बोट केलं. "मंग आमचा हा बॉलर असा तापला..."

मला पुढे होऊन माईक हिसकावता आला असता. निदान मीच बोललो आणि चुकलो, एवढं तरी सांगता आलं असतं. पण आयुष्यात कधी नव्हे ते मी जागचा हललो नाही.

हलला दादा. बुजगावणं खांद्यावर घेऊन तो लंगडत पुढे गेला आणि त्याने हात पुढे केला. कप्तानाने मुकाट्याने माईक दिला.

"तो फिल्डर मीच," दादा म्हणाला. "बॉल गेला अन् मी उभाच. बॉलर तापला, तवा मीच त्याले म्हटलं, बुजगावणं तं बुजगावणं, तेच नाव ठिवा. नाव माह्यं हाय. मीच ठिवलं."

मैदानभर टाळ्या वाजल्या. दादाने माईक परत दिला आणि तो आपल्या जागेवर, सीमारेषेकडे चालायला लागला. माझ्याकडे त्याने पाहिलंही नाही.

पहिल्या षटकात मी चार वाइड टाकले. सामना आम्ही हरलो.

परतताना पोरं मागे हौद्यात, बुजगावणं त्यांच्यात आडवं, आणि मी पुढे दादाशेजारी. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा कुठे माझं तोंड उघडलं. "दादा, त्या दिवशी तू तं ड्रम भरून राहिला होता."

"हापशीवरून आयकू येते," तो म्हणाला.

मला माफी मागायची होती. शब्द जुळवता जुळवता बडनेरा आलं. दादाने गियर बदलला, आरशातून मागे हौद्यातल्या बुजगावण्यावर एक नजर टाकली.

"त्याचा शर्ट फाटला," तो म्हणाला. "पुढच्या वर्षी तुहा दे."