उड्या मेस्त्री आणि आमचा सज्जा

नवा सज्जा पुरा झाला की उड्या मेस्त्री त्यावर चढून उड्या मारायचे. पोरांसारख्या नव्हेत. दोन्ही पाय जुळवून, टाचा आपटत, एकदा भिंतीशी, एकदा मधोमध, एकदा कठड्याजवळ. पन्नाशीला टेकलेला, टक्कल पडलेला, झुपकेदार मिशांचा माणूस रस्त्यापासून बारा फुटांवर धोतर सावरत उड्या मारतो आहे आणि खाली सगळी गल्ली माना वर करून उभी आहे, हे ज्यांनी पाहिलं त्यांना त्या माणसाचं खरं नाव विचारण्यात अर्थ नाही. आम्हा सगळ्यांना ते उड्या मेस्त्रीच. त्यांच्या तोंडावर कुणी तसं म्हटलं तरी ते रागवत नसत.

उड्या मारताना ते एकटेही नसत. आधी त्यांची बायको पारूबाई, दोन थोराड मुलगे आणि सत्तरीची आई अशी सगळी वरात सज्ज्यावर चढे. पारूबाई देहाने चांगल्या भारदस्त, त्यात काखेत पाण्याने भरलेली घागर. "आदी माजी मानसं हुबी ऱ्हात्यात, मग तुमची," हे मेस्त्री ज्याच्या त्याच्या दारात ऐकवत. पारूबाईंना हा सोपस्कार बिलकूल पसंत नव्हता. दर सज्ज्याला आपल्याला धान्याच्या पोत्यासारखं वर चढवतात, अशी त्यांची तक्रार असे, पण इस्त्रीचं लुगडं नेसून त्या येत मात्र हमखास.

कोल्हापूर संस्थान विलीन झालं त्या वर्षी आमच्या माडीला सज्जा लागला. त्यासाठी दोन वर्षं भुणभुण मी केली होती. मी तेव्हा मुलींच्या शाळेत नुकतीच लागलेली, आमचे हे फिरतीच्या नोकरीत, आणि गुडघे दुखतात म्हणून सासूसासरे कायम खालच्या मजल्यावर. माडी आमचीच. मेस्त्री माप घ्यायला आले, तेव्हा सासऱ्यांनी त्यांना लांबी-रुंदी सांगायला सुरुवात केली. त्यांनी ती मुकाट्याने ऐकली आणि मग दाराआड उभ्या असलेल्या मला विचारलं, की सज्ज्यावर जास्त वेळ कोण उभं राहणार, धुणं कुठल्या बाजूला वाळत घालणार, भाजीवाल्याला हाक कुठून मारणार. मला भाजीवाल्याला हाक मारायला लावून मी किती वाकते ते त्यांनी पाहिलं आणि कठडा नेहमीपेक्षा चार बोटं उंच धरला. सुनेला माप विचारणारा माणूस आमच्या घरात पहिल्यांदाच आला होता.

कठड्याच्या गजांमधलं अंतर मोजायला त्यांच्या पिशवीत एक नारळ असे. नारळ दोन गजांमधून पलीकडे गेला की त्यांच्या मते लहान पोराचं डोकंही जाणार. मला तेव्हा मूल नव्हतं. मी हसून तसं म्हटलं, तर ते गज ठोकता ठोकता म्हणाले, "सज्जा तीस वर्सं टिकनार हाय, बाई. तुमी काय तीस वर्सं अशाच ऱ्हाताय व्हय?" मी लाजून आत पळाले. एका कापडवाल्याला शोभेसाठी गज विरळ आणि नाजूक हवे होते. मेस्त्री नारळ पिशवीत टाकून सरळ घरी निघून गेले. कापडवाल्याने दुसरा सुतार गाठला. मेस्त्री मात्र त्याच्या दुकानावरून जाताना दर वेळी वर बघत आणि पुटपुटत.

पण त्यांचं खरं वेगळेपण काम संपल्यावर कळे. दरवर्षी पाऊस ओसरला की ते न बोलावता यायचे. हातात लाकडी मोगरी आणि एक टोचा. फळ्या ठोकून आवाज ऐकायचे, तुळया भिंतीत शिरतात तिथे टोचा खुपसून बघायचे. याबद्दल चहाशिवाय काही घेत नसत. पहिल्याच दिवशी त्यांनी मला बजावलं होतं की सज्ज्यावर काहीही ठेवा, कुंड्या ठेवू नका. पाणी फळीवरून भिंतीकडे जातं, तुळईचं टोक भिंतीच्या आत ओलं राहतं आणि बाहेरून काही दिसत नाही. तेवढी एकच गोष्ट त्यांनी माझ्याकडून मागितली होती.

आणि मी कुंड्या ठेवल्या. आधी एक मोगऱ्याची, मग शेवंतीच्या दोन, मग शाळेतून आणलेला गुलाब. चारही भिंतीच्या कडेला, कारण तिथे ऊन कमी. मेस्त्री यायचे दिवस आले की मी त्या उचलून आत पलंगाखाली सरकवायची, फळ्या ओल्या फडक्याने घासून पुसायची आणि ते गेले की पुन्हा जागच्या जागी मांडायची. त्यात मला गंमतही वाटायची. वर्गात मुली बाकाखाली चिंचा लपवतात, त्यांना मी छड्या मारत असे, आणि घरी येऊन हा उद्योग.

चौथ्या वर्षी टोचा आत गेला. कोपऱ्यातल्या तुळईच्या टोकात तो दोन बोटं रुतला आणि बाहेर आला तो काळा, ओला भुसा घेऊनच. मेस्त्रींनी तो बोटांत चोळून पाहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "टोकाला डांबर कमी पडलं आसंल माज्या हातनं." एवढं बोलून ते थांबले. मी काही बोलेन म्हणून थांबले होते, हे आता कळतं. मी चहा आणायला खाली गेले. परत आले तो त्यांनी सज्ज्याच्या दाराला आडवी पट्टी मारली होती, दोन्ही अंगांना दोन-दोन खिळे. मलकापूरहून ऐनाच्या लाकडाची नवी तुळई यायला चार-सहा दिवस लागणार होते. "तवर कुनी पाऊल टाकायचं न्हाय, बाई. पट्टी काडायची न्हाय," असं त्यांनी दोनदा सांगितलं. सासरे बाहेर गेले होते, सासूबाई झोपल्या होत्या, आमचे हे गगनबावड्याला. घरात हे फक्त मला माहीत होतं.

तिसऱ्या दिवशी ललितापंचमी होती. त्या दिवशी अंबाबाईची पालखी टेंबलाईच्या डोंगरावर जाते आणि तेव्हा ती आमच्या रस्त्यावरून जायची. पालखी बघायला या, असं आमंत्रण मी शाळेतल्या मोठ्या बाईंना महिनाभर आधीच देऊन बसले होते. माझी नोकरी अजून कायम व्हायची होती आणि ती करणं त्यांच्या हाती होतं. त्यांच्याबरोबर आणखी तिघी शिक्षिका येणार होत्या. आता काय म्हणून सांगायचं, की आमचा सज्जा कुजलाय? मेस्त्रींना सगळ्यातच धोका दिसतो, असं मी स्वतःला समजावलं. सकाळी न्हाणं-पूजा उरकून मी वरवंट्याने पट्टी मागून ठोकली, सांडशीने खिळे उपटले आणि पट्टी कुंड्यांशेजारी पलंगाखाली ढकलली. सगळ्यांना चांगल्या बाजूला उभं करायचं, एवढी अक्कल मी लढवली होती.

पालखी येईपर्यंत सगळ्या चांगल्या बाजूलाच उभ्या होत्या. वाजंत्री जवळ आली, भालदार-चोपदार दिसले, आणि वळणावरून पालखी येताना नीट दिसावी म्हणून सगळ्या एकदम कोपऱ्याकडे सरकल्या. मी "इकडे, इकडे" म्हणत होते, पण ते वाजंत्रीत बुडून गेलं. पायाखाली ऊस मोडल्यासारखा आवाज झाला आणि सज्जा त्या कोपऱ्याने खाली कलला. मेस्त्रींचा कठडा मात्र जागचा हलला नाही. आम्ही चौघी त्याला धरून लोंबकळलो, म्हणून वाचलो. पाचवी, शाळेत शिवण शिकवणारी उमाबाई, भिंतीशी उभी होती. भिंत आणि फळ्या यांच्यात फट पडली, त्यातून ती खाली दगडी पायरीवर पडली. मांडीचं हाड मोडलं. ती तिथूनच वर माझ्याकडे बघत राहिली.

मेस्त्री दोन गल्ल्या पलीकडे कामावर होते. हातात लाकूड तासायचा वाकस तसाच घेऊन ते धावत आले. त्यांनी सज्ज्याकडे पाहिलंच नाही. आधी एक फळी मागवली, स्वतःचा पटका सोडून उमाबाईचा पाय त्या फळीला बांधला आणि चार माणसांनिशी तिला दवाखान्यात पोचवून मग परत आले. तोवर आमच्या दारात गल्ली गोळा झाली होती. सासरे कोर्टातून निवृत्त झालेले, त्यांनी मेस्त्रींची भर रस्त्यात उलटतपासणी सुरू केली. चार वर्षांत कोसळणारं हे कसलं काम, लोकांच्या जिवाशी खेळता का, उड्या मारून लोकांना फसवता का. मेस्त्री ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, "म्या दाराला पट्टी मारलीती की."

सगळे माझ्याकडे बघू लागले. मोठ्या बाई आत खुर्चीवर बसून पाणी पीत होत्या. मी म्हणाले, "पट्टी होती, पण ती कालच निखळून पडली."

मेस्त्री जिना चढून वर गेले. मी मागोमाग गेले. दाराच्या चौकटीला खिळ्यांची चार भोकं होती, सांडशीने ओरबाडलेली. एकेका भोकावर त्यांनी बोट ठेवलं. मग सासऱ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "निखळली आसंल. खिळा आखूड पडला माजा."

चार खिळ्यांची पट्टी ज्याच्या हातची निखळते, त्याच्याकडून सज्जा कोण करून घेणार? गल्लीला तेवढंच पुरलं. पुढच्या आठवड्यात त्यांनी नवी तुळई बसवून सज्जा सरळ केला. रिवाजाप्रमाणे मुलगे वर उभे राहिले, पारूबाईही आल्या. मी पाण्याचा तांब्या पुढे केला, तो पारूबाईंनी घेतला नाही. मेस्त्री मधोमध थोडा वेळ उभे राहिले. उडी मारली नाही. त्यानंतर त्यांना कुणी उडी मारताना पाहिलं नाही. लोक त्यांना आता पाड्या मेस्त्री म्हणत. पाऊस सरला की ते आमच्याकडे यायचे, पण वर येत नसत. रस्त्यावरूनच लांब बांबूने तुळया ठोकून आवाज ऐकायचे आणि हाक न मारता जायचे. मी दाराआड उभी राहून ते ठोकणं ऐकायची.

माझी नोकरी कायम झाली. उमाबाई पाच महिन्यांनी काठी टेकत शाळेत आली. तिचा तो पाय कायमचा आखडला. मी तिची पिशवी उचलू लागले, जिना चढताना हात देऊ लागले, तिच्या वाटचे तास घेऊ लागले. सगळी शाळा माझं कौतुक करी. बहीणसुद्धा इतकं करत नाही, असं उमाबाई स्वतः म्हणे. रस्त्यात मेस्त्री समोरून आले की ती तोंड फिरवी, आणि ते वहाणा काढून कडेला उभे राहत. मी दोघांच्या मध्ये तिची पिशवी धरून चालत असे. माझी मलाच किळस येई, पण तोंड उघडलं नाही.

पाच-सहा वर्षांनी आमच्या ह्यांची बदली झाली. सामान बांधून झालं, तेव्हा मला राहवेना. मेस्त्री कसबा बावड्याला भावाकडे राहायला गेले होते आणि बैलगाड्या करत होते. मी टांग्याने तिथे गेले. ते अंगणात गाडीच्या साटीच्या फळ्यांना रंधा मारत बसले होते. मी उभ्यानेच सांगून टाकलं, की पट्टी मी काढली होती.

"ठावं हाय," ते रंधा न थांबवता म्हणाले.

मी म्हटलं, कुंड्याही ठेवत होते. त्यावर ते हसले. "फळ्यांवर गोल डाग पडलेलं की, बाई. पुसून जात्यात व्हय ते? तवाच बोलाय पायजे हुतं म्या. म्हटलं, बाईस्नी फुलांची हौस हाय, ऱ्हाऊंदे. ती चूक माजीच."

मग त्या दिवशी सगळ्यांसमोर का नाही सांगितलंत, असं मी विचारलं. त्यांनी रंधा खाली ठेवला. "तुमचं सासरं हुबं हुतं. तुमास्नी त्याच घरात नांदायचं हुतं." मला रडू फुटलं. मान वर करून त्यांनी विचारलं, "शिवनाच्या बाईस्नी सांगितलंसा न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

त्यांचा चेहरा एकदम मोकळा झाला. "मग झालं. लई ब्येस केलंसा," म्हणून त्यांनी पारूबाईंना हाक मारली. बाईंनी शिवणाच्या बाईंना सगळं सांगितलंय, असं त्यांना सांगितलं. पारूबाईंनी माझ्याकडे नीट निरखून पाहिलं आणि आत जाऊन माझ्यासाठी चहा टाकला. तो चहा मी प्याले.

परत येताना मी ठरवलं होतं, की टांगा थेट उमाबाईकडे न्यायचा आणि खोटं खरं करून टाकायचं. टांगा तिच्या घरावरून गेला. दुसऱ्या दिवशी ती मला निरोप द्यायला स्टँडवर आली, काठी टेकत, हातात तिने विणलेला रुमाल घेऊन. मेस्त्री त्याच पावसाळ्यात गेले, हे मला तिच्याच पत्राने कळलं. मेल्या माणसाला दोष देऊ नये, मी त्यांना केव्हाच क्षमा केली आहे, असं तिने त्या पत्रात लिहिलं होतं. मी उत्तर पाठवलं, त्यात नव्या बिऱ्हाडाविषयी लिहिलं. पुढे कितीतरी वर्षं आमची पत्रं चालू होती. उमाबाई गेल्या वर्षी वारली. जे तिला सांगायचं होतं, ते मी आज तुम्हाला सांगते आहे.