मी तळं साफ केलं

मी आजवर गळाने एकही मासा धरलेला नाही, पण एका तळ्यातले सगळे मासे मी एकटीने मारलेत.

मुद्दाम नाही हो! मुद्दाम कोण मारतं? आधी ऐकून तरी घ्या, मग काय ते बोला. (आमच्या ह्यांनी ऐकून घेतलं नाही, म्हणून तर तुम्हाला सांगतेय.)

आम्ही अलिबागकडचे. लग्न झालं नि ह्यांना सिल्वाशाच्या कचेरीत कारकुनाची नोकरी लागली. पोर्तुगीज जाऊन दहा वर्षं झाली होती, पण सरकारी क्वार्टर अजून मोजकेच. पाहिजे तर यादीत नाव घालायचं नि वाट बघत बसायचं. आमच्या आधी सात कुटुंबं! तोवर ह्यांनी खोली घेतली ती कुठे, तर लांब खेरडीला. रोज सायकल हाणत कचेरीत जायचं नि घामाघूम होऊन यायचं, आणि कशासाठी? तर खोलीच्या दारासमोर तळं! समुद्राकाठचा माणूस, पाणी दिसलं की खुळावतो. दर रविवारी कळकाची काठी घेऊन काठावर बसायचे ते जेवायला चार हाका मारल्याशिवाय उठायचे नाहीत.

मला मात्र ते तळं नजरेसमोर नको व्हायचं. आमची छबी तेव्हा दीड वर्षाची, नुकती पळायला लागलेली, नि दार जरा उघडं राहिलं की सुटली तळ्याकडे! एकदा मी तव्यावर भाकरी टाकली नि मागे बघते तर पोर नाही. धावले. पाण्यापासून चार पावलांवर धरली तिला. भाकरी जळून कोळसा झाली. त्या दिवसापासून मी जुन्या लुगड्याची पट्टी तिच्या कमरेला बांधायची नि दुसरं टोक दाराच्या कडीला. पाड्यातल्या बाया जाता-येता हसायच्या, "बाय, पोर हाय का शेळी?" हसू देत. मला क्वार्टर पाहिजे होता. गावात, नळवाला, नि जवळपास कुठे तळं नसलेला. देवाकडे दुसरं काही मागणंच नव्हतं.

आणि चैत्रात हे एकदम उड्या मारत घरी आले.

"अगं, ऐकलंस का? आपल्या साहेबांना गळ टाकायचं भारी वेड आहे!"

"मग?"

"मग काय मग! क्वार्टरच्या यादीवर सही कुणाची? साहेबांची! मी बोलावलंय त्यांना आपल्या तळ्यावर. रविवारी सकाळी. एक मोठा रोहू लागू दे त्यांच्या गळाला, मग बघ."

झालं! त्या दिवसापासून आमच्या घरात दुसरा विषय नाही. साहेबांची काठी म्हणे लोखंडी कांबीची, तिला चरखी, कळ फिरवली की दोरा आपोआप गुंडाळतो. आमच्या कळकाला मोरपिसाच्या दांडीचा तरंगा नि शिशाची गोळी. मग मोठा गळ बरा की बारीक? रोहूला कणीक, मरळीला बेडूक. कणकेत हिंग घालावा की लसूण? अहो, लग्नाला तीन वर्षं झाली, पण मला काय आवडतं ते ह्या माणसाने एकदा विचारलं नाही, नि रोहूला हिंग सोसेल का यावर तीन दिवस काथ्याकूट!

आणि नेमकं तेव्हाच तळं हिरवं झालं.

हिरवं म्हणजे कसं, तर कुणी डबाभर रंग कालवून ओतल्यासारखं. काठाला जाड साय धरली, तिला उग्र वास. गळ टाकला की तरंगा दिसेना, नि वर ओढला की त्याला शेवाळाच्या ह्या लांब लांब बटा! हे डोक्याला हात लावून बसले. मला तर वेगळीच धास्ती. छबीने त्यातला घोट घेतला तर पटकीच व्हायची!

तळ्याची राखण करायचे लखमाबाबा, पाड्यातले म्हातारे. ह्यांना दोऱ्याची पक्की गाठ मारायला त्यांनीच शिकवलेलं. तळं पाड्याचं, मासे पाड्याचे. उन्हाळ्याच्या शेवटी पाणी गुडघ्याएवढं उरलं की सगळा पाडा एकदम आत उतरायचा, मासे धरायचा नि घरटी वाटून घ्यायचा. तोवर जाळं टाकायचं नाही. आमच्या ह्यांच्या गळाला एखादा गेला तर बाबा कानाडोळा करायचे, एवढंच.

ते पाण्याकडे बघून म्हणाले, "पानी तापलाय, दादा. पाऊस पडंल, आपसूक फिरंल. तवर हात नको लावू."

"पण बाबा, पाऊस कधी?"

"जूनात."

"साहेब रविवारी येतायत हो!"

"मंग साहेबाला जूनात बोलव."

हे पुन्हा डोकं धरून बसले. मी मात्र गप्प बसले नाही, नि तिथेच चुकले. मला माहेरची टाकी आठवली! आमच्या आप्पांची सुपारीची वाडी. पावसाळ्याआधी सुपारीवर मोरचूद नि चुन्याचं पाणी मारायचे, त्यातलं मोरचूद उरलेलं असायचं. वाडीच्या टाकीत शेवाळ धरलं की आप्पा त्या निळ्या खड्यांची लिंबाएवढी पुरचुंडी बांधायचे, दोरीने पाण्यात दोनदा फिरवायचे, नि दोन दिवसांत टाकी आरशासारखी! एवढं सोपं औषध नि हे डोकं धरून बसलेत!

शुक्रवारी हे कचेरीत गेले नि मी छबीला काखेत मारून नाक्यावरच्या गुजराती दुकानात.

"भाई, मोरचूद आहे?"

"मोरथूथू? छे ने, बेन, आहे. कितना देऊ?"

आता आली का पंचाईत! आप्पांच्या टाकीला एक लिंबू, तर तळ्याला किती? मी चौथी पास आहे, त्रैराशिक मला येतं. (पाचवीत गेले असते तर त्रैराशिक कुठे करू नये हेही शिकवलं असतं कदाचित.) बोटं मोजली. टाकी एवढी, तळं एवढं, म्हणजे शंभर टाक्या तरी धरा. शंभर लिंबं!

"जेवढं आहे तेवढं द्या."

"बद्धूं? सगळा?" दुकानदाराचे डोळे मोठे झाले. "बेन, एटला मोठा बगीचा छे?"

"साहेब येणारेत," मी म्हटलं. का म्हटलं कुणास ठाऊक. पण साहेब म्हटल्यावर त्याने पुढे विचारलं नाही.

घरी येऊन छबीला कडीला बांधली, जुनं धोतर फाडून पुरचुंड्या केल्या. आता त्या पाण्यात फिरवायच्या कशा? मला पोहता येत नाही, पाण्यात कुठली उतरणार. तर कोपऱ्यात ह्यांची काठी! नवा दोरा, नवा गळ, साहेबांसाठी सज्ज करून ठेवलेली. पुरचुंडी अडकवली गळाला, फिरवली डोक्यावरून नि फेकली. पुरचुंडी गेली एकीकडे, गळ बसला माझ्या पदरात! ओढते तर मीच पाण्याकडे निघाले! पदर फाटला, मोरपिसाचा तरंगा मोडला, पण दुसऱ्या खेपेला जमलं. मग काय, तळ्याभोवती अख्खी फेरी मारली, टाकते नि ओढते, टाकते नि ओढते. पाण्यात निळ्या रेघा उमटल्या, कसल्या सुरेख दिसत होत्या हो!

लखमाबाबांची सून पाण्याला आली होती. "बाय, तू पन गळ टाकते?"

"हो ना, शिकतेय."

खोटं बोलले. त्या बाईने कौतुकाने हसून बघितलं माझ्याकडे. ते हसू मला अजून टोचतं.

शनिवारी संध्याकाळी पाणी पिवळट झालं, साय फाटली, मधे मधे तळ दिसायला लागला. हे तर नाचायचेच बाकी!

"बघ, फिरलं की नाही पाणी! नि म्हातारा म्हणे जूनात!"

मी गालातल्या गालात हसले. म्हटलं, क्वार्टर मिळू दे, मग सांगू कुणी फिरवलं ते. (मोडक्या तरंग्याचा आळ मी छबीवर घातला होता. दीड वर्षाची पोर, तिला कुठे बोलता येत होतं!)

रविवारी उजाडताना ह्यांची हाक आली. "अगं, बाहेर ये! लवकर!"

बघते तर सगळे मासे पाण्याच्या वर. शेकड्याने! तोंडं बाहेर काढून आऽ करतायत, आऽ करतायत.

"किती भुकेले आहेत बघ!" हे म्हणाले. "साहेबांचं नशीब थोर!"

मला बरं वाटलं नाही. छबीला घशात शेंगदाणा अडकला होता तेव्हा ती अशीच तोंड उघडत होती. पण तेवढ्यात साहेबांची जीप आली.

साहेबांनी चरखी काढली, कणीक लावली नि झोकात गळ फेकला. मासे आऽ करतायत पण कणकेला कोणी शिवत नाही. हिंग बदलला, लसूण झाला, गांडूळ झालं. बऱ्याच वेळाने दोरा जड झाला. साहेबांनी चरखी फिरवली नि आला की हाऽ मोठा रोहू! शेपटाला गळ अडकलेला.

हे टाळ्या वाजवत म्हणाले, "वा साहेब! नि किती शांत मासा!"

"राऊत," साहेब म्हणाले, "हा मेलेला आहे."

आणि मग एकेक पांढरं पोट वर यायला लागलं. इकडे एक, तिकडे दोन, मग दहा, मग मोजताच येईना. ऊन चढलं तसा वास सुटला. पाड्यातली माणसं काठावर गोळा झाली. लखमाबाबा पाण्यात उतरले, एक मासा दोन्ही हातांवर घेतला नि नुसते उभे राहिले.

साहेब भडकले. "हे विषाचं काम आहे! झाडपाल्याने मासे गुंगवतात ही पाड्यातली माणसं, मला माहीत नाही का? राऊत, पोलीसपाटलाला बोलवा! ह्या म्हाताऱ्यापासून विचारायला सुरुवात करू."

"साहेब," लखमाबाबा म्हणाले, "आमचंच मासं आमी कशाला मारू?"

"ते पोलीसपाटलाला सांगा!"

बोलले तर क्वार्टर गेला, ह्यांची नोकरी गेली, मी छबीला जन्मभर दाराच्या कडीला बांधणार. नाही बोलले तर त्या म्हाताऱ्याला नेणार. छबीला घट्ट धरली, डोळे मिटले नि एका दमात सांगून टाकलं. "साहेब मीच टाकलं मोरचूद टाकलं दुकानात होतं तेवढं सगळं टाकलं पाणी साफ व्हावं म्हणून टाकलं त्यांना काही करू नका!"

डोळे उघडले तर सगळा पाडा माझ्याकडे बघतोय. आमचे हे तर असे बघत होते, जशी मी कोण कुठली बाई!

साहेबांनी विचारलं, "कुणी सांगितलं तुम्हाला हे?"

"आमचे आप्पा टाकीत टाकायचे."

"त्यांच्या टाकीत मासे होते?"

आता खरं सांगायचं तर हा प्रश्न माझ्या मनात कधी आलाच नव्हता. "नाही," मी म्हटलं.

"बाई, एवढं शेवाळ एकदम मेलं, ते पाण्यात कुजलं. माशांना श्वास कुठून मिळणार? त्यात तुमचं ते विष!" साहेबांनी चरखी गुंडाळली, जीपमध्ये बसले नि निघून गेले. क्वार्टरचं नावही निघालं नाही.

लखमाबाबा ओरडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी एवढंच विचारलं, "बाय, हे खाल्लं तं चालंल?"

मला कुठे माहीत होतं? साहेबांनाही कुणी विचारलं नव्हतं. मग पाड्याने मोठा खड्डा खणला. हे नि मी टोपल्या वाहत होतो, पाटीभर पाटीभर मासे, कोणाच्या ताटात पडायचे ते मातीत. पोरं रांगेने बसून बघत होती. वाटणीचा दिवस महिन्यावर आला होता त्यांचा. म्हशींनाही त्या पाण्यावर नेता येईना, बायांना लांबून हंडे आणायला लागले, नि माझ्या दारावरून जाताना आता कोणी शेळीवरून हसत नव्हतं.

नाही म्हणायला चार-पाच मरळी वाचल्या. लखमाबाबांनीच दाखवल्या. "ती वर येऊन वारा पिते. तिला तू नाय मारू शकली."

हे आठ दिवस माझ्याशी बोलले नाहीत. जे काय बोलायचं ते छबीशी. "छबे, आईला सांग, आमटीत मीठ नाही. आणि विचार, की मीठही तळ्यात टाकलं?"

पावसाळ्यात पाड्यातली माणसं ओढ्यातली बारकी पिल्लं मडक्यांत भरून तळ्यात सोडायला निघाली तेव्हा मी गेले मदतीला. लखमाबाबांच्या सुनेने एक मडकं दिलं माझ्याकडे, पण तोंडावर फडकं स्वतः बांधलं, गाठ मारली, वर दुसरी मारली. "तू फकस्त धर, बाय. आत काय टाकू नको." मी धरलं. रडू आलं, पण हात हलू दिला नाही.

तेवढ्यासाठी मी सिल्वाशाहून चालत गेले होते. हो, सिल्वाशाहून! क्वार्टर मिळाला ना आम्हाला, मेमध्येच. नळ आहे, अंगण आहे, छबी मोकळी धावते. साहेबांनी माफ केलं असं नाही. लखमाबाबा पाड्यातली दहा माणसं घेऊन कचेरीत गेले, हात जोडले नि म्हणाले, "साहेब, दंड नको, पोलीस नको. ह्या बायला तेवढी आमच्या पान्यापासून लांब ठेवा." साहेबांनी उभ्या उभ्या सही केली.

आमच्या आधीची सात कुटुंबं अजून यादीतच आहेत. भली माणसं, कुणाच्या वाटेला न जाणारी. एकानेही अजून कुणाचं तळं मारलेलं नाही, मग नंबर लागणार कसा?