बाहेरून लावलेलं कुलूप

माझ्या भाचीचं मराठी सुधारलं याचं श्रेय घरात सगळ्यांनी मला दिलं. मी शाळेत शिकवते, त्यामुळे कुणी काहीही शिकलं की ते माझ्याच नावावर जमा होतं. खरं श्रेय एका वकिलाचं होतं, आणि तो वकील एका मराठी मालिकेतला होता.

आमचं घर भवानीपूरला. आजोबा नोकरीसाठी कलकत्त्याला आले आणि मग परत जायचं राहूनच गेलं. खाली भाऊ, वहिनी आणि त्यांची ही एकुलती एक मुलगी. वरच्या मजल्यावर मी एकटी. लहानपणी भाची भांडायची बांगलात, मैत्रिणींशी बोलायची हिंदीत, आणि मराठी फक्त 'भूक लागली' आणि 'आत्या, वर येऊ?' एवढ्यापुरतं. ती कॉलेजात असताना ती मालिका सुरू झाली. पुण्यातल्या साऱ्या कोर्टाला धाकात ठेवणारा, मोजकंच बोलणारा वकील आणि त्याच्या कचेरीत कामाला लागलेली एक साधी मुलगी. भाची मोबाइलवर बघायची आणि शब्द अडला की जिना चढून वर यायची. हुरहुर म्हणजे काय, रुसवा आणि राग यात फरक काय, असं विचारायची. मी सांगायचे. सांगता सांगता मीही मालिका बघायला लागले.

शेवटच्या महिन्यात मालिकावाल्यांना काय झालं कोण जाणे, त्यांनी वकिलाला खलनायक करून टाकलं. त्याने त्या मुलीला घरात कोंडलं, पोलीस आले, मालिका संपली. इंटरनेटवर या जोडीच्या चाहत्यांचा एक गट होता, तिथे सुतक पडल्यासारखं झालं. मग हळूहळू एकेक जण म्हणू लागली की हा आमचा वकील नाहीच. ज्याला जमेल त्याने पुढची गोष्ट लिहावी, असं ठरलं. टोपणनाव घेऊन मीही लिहायला लागले.

का लिहिलं हे आता स्पष्टच सांगते. मी बावन्न वर्षांची आहे आणि माझी वाट बघत कुणी कधी कुठे उभं राहिलेलं नाही. स्टाफरूममध्ये बाकीच्या बायका नवऱ्यांच्या तक्रारी करायच्या, 'सारखे फोन करून कुठे आहेस विचारतात' म्हणून कपाळाला हात लावायच्या, आणि मी वह्या तपासत ऐकत राहायचे. माझा वकील फोन करून विचारत नसे. त्याला ती कुठे आहे ते ठाऊकच असे.

सगळ्यात गाजला तो माझा कुलपाचा भाग. मालिकेने जो गुन्हा म्हणून दाखवला होता, त्यालाच मी कारण पुरवलं. मुलगी आजारातून उठलेली असते, दारावर माणसांची सारखी ये-जा असते. कोर्टात निघताना वकील तिच्या अंगावर पांघरूण घालतो, बाहेरचं जाळीचं दार ओढतो आणि कुलूप लावतो, तिची झोप मोडू नये म्हणून. ती जागी होते, कुलूप बघते आणि हसून पुन्हा आडवी होते. तिथे मी एक वाक्य लिहिलं होतं: 'कुलूप लावून गेलेला माणूस परत येतोच.' त्या वाक्याची फुलापानांची चित्रं करून लोकांनी एकमेकींना पाठवली. कुणीतरी एकीने विचारलं की पुण्यात असं ओढायचं जाळीचं दार कुठे बघितलंत. ते आमच्याच घराचं होतं, कलकत्त्यात प्रत्येक मजल्यावर असतं तसं. जुन्या इमारतींत असतं, असं मी ठोकून दिलं.

त्या प्रतिक्रिया वाचता वाचता मला कळलं, लोकांना त्याच्यात नेमकं काय आवडतं ते. देखणेपण वगैरे वरवरचं. तो जगाशी तुसडेपणाने वागतो आणि एकीशीच मऊ होतो, आणि ती एक म्हणजे वाचणारी प्रत्येक जण. 'तो वाईट नाही, त्याला कुणी समजूनच घेतलं नाही,' हे तर मी इतक्या वेळा वाचलं की पाठ झालं. तो जितका वाईट वागे तितकं समजून घ्यायला जास्त मिळे, आणि समजून घेण्याची हौस कुणाची फिटत नसे. मी पुरवत गेले. त्यांनी मला हरभऱ्याच्या झाडावर चढवलं आणि मी आनंदाने चढले.

एक दिवस भाची धावत वर आली. 'आत्या, हे वाच. कुणी लिहिलंय माहीत नाही, पण असं वाटतं की माझ्यासाठीच लिहिलंय.' तिच्या मोबाइलवर माझाच भाग होता. मी पहिल्यांदाच वाचतेय असा चेहरा करून तो वाचला आणि छान आहे म्हटलं. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण मला फार गोड वाटत होतं, आणि ते गोड मला एकटीलाच चाखायचं होतं.

दोन वर्षांनी, भाची शहराच्या पूर्वेला न्यू टाउनमध्ये नोकरीला लागल्यावर, महाराष्ट्र मंडळाच्या गणपतीत तिला एक मुलगा भेटला. मूळ नाशिकचा, न्यू टाउनलाच कंपनीत, तिथेच फ्लॅट घेऊन एकटा राहणारा. मराठी स्वच्छ, वागणं अदबीचं. वाकून नमस्कार केला तेव्हा भाऊ विरघळलाच. इथे जन्मलेल्या मुलींना मराठी घर मिळणं कठीण, म्हणून आम्ही सगळेच मराठी ऐकलं की निम्मी चौकशी झाली असं धरून चालतो. 'कमी बोलतो, म्हणजे विचारी आहे. नाकासमोर चालणारा आहे,' भाऊ म्हणाला. भाची म्हणाली की तो अगदी वकिलासारखा आहे.

एव्हाना तिचं मराठी चांगलं झालं होतं, पण ते गोष्टीतलं मराठी होतं. 'त्याच्या नजरेत मी हरवते,' असं ती चहात बिस्कीट बुडवताना म्हणायची आणि वहिनी तोंडाला पदर लावून हसायची. तिनेच मला सांगितलं की तिने त्याला त्या गोष्टी वाचायला दिल्या होत्या. मला समजून घ्यायचं असेल तर हे वाच, असं म्हणाली होती. त्याने सगळे भाग वाचले, एकही न सोडता.

मग तिच्या सांगण्यात मला एकेक ओळखीची गोष्ट दिसू लागली. तो तिच्या ऑफिसच्या फाटकाशी न सांगता उभा असतो. ती कुठे आहे ते त्याच्या मोबाइलवर दिसतं. तिच्या दोन बंगाली मैत्रिणींबद्दल तो कधी वावगा शब्द बोलला नाही, फक्त त्या आल्या की गप्प होतो. म्हणून तीच आता त्यांच्याकडे जात नाही. हे सगळं मी लिहिलं होतं, ऑफ पीरियडला, सातवीच्या इतिहासाच्या वह्या बाजूला सारून. कागदावर किती छान वाटलं होतं. खाली स्वयंपाकघरात उभं राहून ऐकताना तेच नकोसं झालं.

साखरपुड्याच्या आधीच्या आठवड्यात तिने कुलपाचं सांगितलं. शनिवारी दुपारी ती त्याच्या फ्लॅटवर होती, जेवून डोळा लागला होता. तो काही आणायला खाली गेला आणि जाताना जाळीला बाहेरून कुलूप लावून गेला. अर्ध्या तासाने आला. तिने विचारायच्या आधीच म्हणाला, तुझी झोप मोडू नये म्हणून. सांगताना तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आनंदाचं. 'कुलूप लावून गेलेला माणूस परत येतोच,' असं ती मलाच म्हणाली.

साखरपुड्याला त्याने तिला अंगठीबरोबर आणखी एक भेट दिली. कुलपाचा तो सबंध भाग छापून, स्पायरल बाइंडिंग करून, वर सोनेरी कागद. किती हौशी मुलगा, असं सगळे म्हणाले. मी ते बाड बघायला म्हणून वर घेऊन आले. माझे शब्द छापलेले मी कधीच पाहिले नव्हते, खोटं कशाला बोलू, मला तेच बघायचं होतं.

आत पेन्सिलीने ओळी अधोरेखित केलेल्या होत्या, पट्टी लावून, सरळ. मला वाटलं, आवडलेली वाक्यं असतील. पण वकिलाच्या एकाही वाक्याखाली रेघ नव्हती. रेघा फक्त तिच्या वाक्यांखाली होत्या. 'तिने कारण विचारलं नाही.' 'तिने मैत्रिणीचा फोन उचलला नाही.' 'तिने हाक मारली नाही.' आणि समासात, काही ओळींपुढे, बरोबरची खूण. तीस वर्षं मी वह्यांवर तशा खुणा करते आहे. उत्तर आलं की खूण करायची, यायचं असेल तर जागा मोकळी ठेवायची. मैत्रिणीच्या ओळीपुढे खूण होती. हाक न मारल्याच्या ओळीपुढे होती. शेवटच्या ओळीखाली रेघ होती, पण पुढचा समास कोरा होता. ती ओळ होती, 'ती संध्याकाळपर्यंत शांतपणे वाट बघत राहिली.'

मी ते बाड मिटलं आणि पलंगावर बसून राहिले. खाली पेढे वाटणं चाललं होतं. मला भीती वाटत होती आणि ती कुणाला सांगायची तर आधी मलाच उभं राहून कबुली द्यायला लागणार होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

दुसऱ्या दिवशी मी भाऊ-वहिनींना बाड दाखवलं. पेन्सिलीच्या रेघांवरून कुणी लग्न मोडतं का, असं म्हणून भाऊ हसला. वहिनी हसली नाही. तिने बाड माझ्या हातात परत दिलं आणि म्हणाली की पोरीचं सगळं सरळ होतंय, तेवढं होऊ द्या. तिला आणखी काय म्हणायचं होतं ते तिने गिळलं, पण मला पोचलं. एकटीच्या डोक्यात असलंच यायचं.

मग मी भाचीला वर बोलावलं आणि सांगितलं की त्या गोष्टी मी लिहिल्या आहेत. तो वकील मी माझ्या मनाने बनवला, ते कुलपाचं कारणही खोटं आहे. मालिकावाले म्हणत होते तेच खरं, त्याने तिला कोंडलं होतं. बाड उघडून एकेक खूण दाखवली. मला वाटलं, आता रागावेल, बांगलात भांडेल. तिने मला मिठी मारली.

'म्हणजे लिहिणारी ती तूच,' ती म्हणाली. 'मग तुला तर माहीतच आहे ना आत्या, तो तसा का वागतो.'

संध्याकाळी त्याचा फोन आला. तिने त्याला सांगितलं होतं. आवाज नेहमीसारखा, सावकाश. 'आत्या, तुम्ही फार छान लिहिता. मला त्यातून खूप कळलं.' मग त्याने विचारलं, पुढचा भाग कधी. मी फोन ठेवला आणि इंटरनेटवरचे माझे सगळे भाग पुसून टाकले. गटात हलकल्लोळ झाला, बायकांनी हात जोडले, कितीजणींनी जपून ठेवलेल्या प्रती पुन्हा एकमेकींना वाटल्या. आपलं लिहिलेलं मागे घेता येतं असं मला वाटलं होतं, हे माझं अडाणीपण. छापलेलं बाडही माझ्याकडे उरलं नव्हतं. भाचीने ते माझ्याकडून घेऊन त्याच्या फ्लॅटवर नेऊन ठेवलं.

परवाच्या शनिवारी शाळा अर्धा दिवस होती. मी घरी येऊन जेवले, वह्या काढल्या. चारला भाचीचा त्याच्या फ्लॅटवरून फोन आला. त्याच्याविषयी ती नेहमी मराठीत बोलायची. त्या दिवशी बांगलात बोलत होती, आणि इतकं हळू की मला पंखा बंद करावा लागला. सकाळी अकराला तो दही आणायला म्हणून खाली उतरला. जाळीला कुलूप आहे. फोन वाजतो, तो उचलत नाही. खालच्या पहारेकऱ्याला कळवलंस का, मी विचारलं. नाही म्हणाली, लोक काय म्हणतील. शेजाऱ्यांना हाक मारलीस का? तीही मारली नव्हती. टेबलावर ते बाड उघडं ठेवलंय, असं ती म्हणाली, शेवटच्या पानावर.

मग ती मराठीत बोलली. 'आत्या, पुढचा भाग तू लिहिलाच नाहीस. तो दार कधी उघडतो?'

'तो उघडत नाही,' मी म्हटलं. 'लाकडी दार उघड, जाळीशी उभी राहा आणि हाक मार. फोन चालू ठेव. मी निघाले.'

चपला पायात सरकवत मी जिना उतरले, भावाला हाताने उठ म्हणून खूण केली, रस्त्यावर येऊन टॅक्सी थांबवली. फोन कानाला तसाच होता. पलीकडे लाकडी दाराची कडी सरकली. मग जाळी हलल्याचा आवाज आला आणि तिची हाक ऐकू आली, अगदी हळू, कुणाची झोप मोडू नये अशी.