नेऊ की नको

"जिथे खर्चच झालेला नाही, तिथे खर्चाचा अभ्यास कसला करणार तुम्ही?"

पुण्याहून आलेले तज्ज्ञ साहेब मला विचारत होते आणि विचारता विचारता बिस्किट चहात बुडवत होते. रत्नागिरीतल्या आमच्या कॉलेजचा वरचा हॉल. एसी लावलेला. टेबलाच्या पलीकडे समितीची तीन माणसं बसलेली, अलीकडे मी उभी. मागे पडद्यावर माझ्या प्रस्तावाचं नाव: आजारपणाचा खर्च परवडत नाही तेव्हा घरं काय करतात. संशोधनासाठी पैसे मागायला उभी होते मी. मागणाऱ्याने हसून ऐकायचं असतं. म्हणून हसले.

मी या कॉलेजात तासावर शिकवते. तास घेतला तर पगार, सुट्टी लागली की हात हलवत घरी. हा प्रकल्प मिळाला असता तर पहिल्यांदा माझ्या नावावर काहीतरी लागलं असतं. पण नावासाठी मी तो लिहिलाच नव्हता.

साहेबांना समजावून सांगायला लागले. ज्यांनी खर्च केला त्यांची बिलं असतात, त्यांचा अभ्यास सगळेच करतात. ज्यांनी उपचारच सोडून दिले त्यांची कुठे नोंदच होत नाही. मंडणगडच्या बाजूला आमच्या वाड्यांमधून मोठ्या ऑपरेशनच्या आधी लोक ग्रामदेवतेला कौल लावतात. गुरव देवाच्या पाषाणावर ओल्या पाकळ्या चिकटवतो, गाऱ्हाणं घालतो. उजवी पडली तर देव हो म्हणाला. डावी पडली तर नाही. माझं म्हणणं इतकंच होतं, की देवाने काय सांगितलं ते बाजूला ठेवा, देवाला विचारलं काय ते बघा. ज्याच्या घरी तजवीज झालेली असते तो विचारतो, कुठच्या दिवशी निघू. ज्याच्या घरी नसते तो विचारतो, नेऊ की नको.

साहेबांनी हात वर केला. पुरे.

"हा पैशाचा प्रश्नच नाही. ही अंधश्रद्धा आहे. तुमच्या लोकांना उपचार परवडत नाहीत असं नाही. त्यांना ते नकोच असतात."

तुमच्या लोकांना. बाकीचे दोघे हसले. मोठ्याने नाही, सभ्यपणे. मग त्यातल्या बाईंना वाटलं असावं की पोरीला अगदीच रिकाम्या हाताने कशाला पाठवा. म्हणाल्या, "तुमचा हेल मात्र गोड आहे हं. फील्डवर्कला उपयोगी पडेल."

मी थँक यू म्हटलं. हो, थँक यू. ते अजून मला बोचतं.

तुमचे लोक म्हणजे माझे बाबा. साहेबांना ते माहीत असायचं कारण नव्हतं. प्रस्तावात मी बाबांबद्दल एक अक्षर लिहिलं नव्हतं.

बाबांच्या हृदयाची झडप खराब झाली होती. अंगणातून पडवीत चढले तरी धाप लागायची. रत्नागिरीच्या डॉक्टरांनी सांगितलं, मुंबईला न्या, ऑपरेशन सरकारी योजनेत बसेल. डॉक्टर खोटं बोलले नाहीत. ऑपरेशन बसत होतं. त्याच्या आधीच्या तपासण्या बसत नव्हत्या. मुंबईत राहायचं कुठे ते बसत नव्हतं. बाहेरून आणायची औषधं, नंतर जन्मभर घ्यायच्या गोळ्या बसत नव्हत्या. आई मुंबईला गेली की आमची भातशेती कोण बघणार, दुसऱ्याच्या आंब्याच्या कलमांत ती मजुरीला जायची ती कोण करणार, हे तर कुठल्याच योजनेत नसतं. घरात थोडं होतं. ते माझ्या एम.ए.च्या प्रवेशासाठी काढून ठेवलेलं. त्याच्याबद्दल घरात कोणी बोललं नाही. मीही नाही.

एका सकाळी आई मला घेऊन देवळात गेली. गुरवकाकांनी पाषाणाला पाणी घातलं, पाकळ्या लावल्या आणि आईकडे वळले.

"कसा इचारू?"

आईने पदर डोक्यावर ओढून घेतला.

"दिवस कुठचा, आसा इचारू ना?" त्यांनी स्वतःहून सुचवलं. मनाने भला माणूस.

"नको," आई म्हणाली. "न्हेव का नको, आसा इचारा."

काका तिच्याकडे बघत राहिले. मग माझ्याकडे बघितलं. मग देवाकडे तोंड केलं आणि गाऱ्हाणं घातलं. आई हात जोडून, डोळे मिटून उभी. तिचे ओठ हलत होते. पाकळी पडायला वेळ लागला. पडली ती डावी.

घरी बाबा पडवीत भिंतीला टेकून बसले होते. काय दिलान, त्यांनी विचारलं. आई म्हणाली, डावा. "बरा झाला," बाबा म्हणाले आणि माझ्याकडे बघून हसले. त्यांना सगळं कळलं होतं. मलाही कळलं होतं. भात कापायच्या आधी बाबा गेले. वाडीतली माणसं येऊन बसली, म्हणाली, देवाची मर्जी. आईला कोणी बोल लावला नाही. मलाही नाही. कौल त्याच्यासाठीच असतो. घरातल्या माणसाला तोंडावर नाही म्हणायला जीभ रेटत नाही, तेव्हा ते देवाकडून म्हणवून घ्यायचं. आणि मग सगळ्यांनी एकमेकांच्या तोंडाकडे बघत जगायचं.

मी एम.ए. झाले. त्या शिक्षणावर हा प्रस्ताव लिहिला.

हॉलमधून बाहेर आले तर मागोमाग आमचे विभागप्रमुख सर आले. सर मला कायम घरचीच म्हणायचे. घरच्या माणसाला खुर्ची द्यावी लागत नाही. प्रस्ताव लिहिताना एकदा माझा बांध फुटला होता आणि बाबांचं सगळं मी त्यांना सांगितलं होतं. तेव्हा त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला होता. मला वाटलं, आता दोन शब्द धीराचे बोलतील.

सर खुशीत होते. म्हणाले, समितीला विषय आवडलाय, फक्त जरा फिरवून घ्यायचा. नाव असं करायचं: ग्रामीण कोकणातील अंधश्रद्धा आणि उपचारांना नकार. प्रमुख संशोधक ते स्वतः. मी वाड्यांमधून फिरायचं, मुलाखती भरून आणायच्या, महिन्याला मानधन मिळेल. पुढे कायम जागा निघाली तर तेही बघता येईल. माझ्या खांद्यावर थोपटून म्हणाले, "पहिली मुलाखत तुझ्या आईचीच घे. घरच्या घरी."

त्या पाण्याच्या ग्लासाची मला किळस आली.

"सर, माझ्या आईच्या नावापुढे मी अंधश्रद्धा लिहिणार नाही."

"भावनिक होऊ नकोस. संशोधकाला अंतर ठेवता आलं पाहिजे."

"मग तुम्हीच जा वाडीत. तुमचं अंतर आहेच."

माझ्याच हेलात म्हटलं. यावेळी थँक यू नाही. सरांचा चेहरा एकदम ऑफिसातला झाला. म्हणाले, विचार कर, तासावरच्या शिक्षकांची यादी जूनमध्ये व्हायची आहे. त्यातलं मला काय कळायचं ते कळलं.

एसटीने घरी मंडणगडला गेले. आई अंगणात कुळीथ पाखडत होती. मी बाजूला बसले आणि झालं ते सगळं सांगितलं. मला वाटलं होतं ती चिडेल. साहेबांना चार शिव्या घालील, तिला येतात चांगल्या. तिचं सूप थांबलंसुद्धा नाही.

"लिव गो," ती म्हणाली. "अंधश्रद्धा लिव. माजा काय जाताय? तुजी नोकरी ऱ्हाव दे."

तिथे मी रडले. हॉलमध्ये रडले नव्हते, एसटीत नव्हते. परत तेच चाललं होतं. परत माझ्यासाठी ती सगळं स्वतःवर घ्यायला बसली होती, आणि तेही सूप न थांबवता. इतकी वर्षं मी जे विचारलं नव्हतं ते विचारलं. काका दिवस कुठचा असं विचारायला तयार होते. तू त्यांना का थांबवलंस?

सूप थांबलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही. बाबा टेकून बसायचे त्या भिंतीकडे बघितलं.

"सारा येळ हात जोडून डावाच मागत व्हते मी. उजवा दिला असतान तर मी काय केला असता गो?"

आणि ती परत पाखडायला लागली.

आपल्या नवऱ्याला देवाने नाही म्हणावं म्हणून माझी आई हात जोडून उभी होती. देवळात, माझ्या शेजारी. मी तिचे हलणारे ओठ बघत होते. आणि पुण्याचे साहेब म्हणतात, खर्चच झालेला नाही. यांना उपचार नकोच असतात.

प्रस्ताव मी परत पाठवणार आहे. नाव तेच. संशोधक मीच. जूनच्या यादीत मी नसेन, तर नसेन. आई करते ती मजुरी मलाही येते. ही समिती नाही म्हणाली तर दुसरीकडे पाठवीन. कोणीच पैसे दिले नाहीत तर एसटीने वाडीवाडीत जाईन आणि देवळाच्या पायरीवर बसून माणसांना एकच गोष्ट विचारीन, देवाला तुम्ही काय विचारलंत?

पहिली मुलाखत आईचीच घेईन. सर, तेवढं तुमचं ऐकते. तिचं वाक्य तिच्याच बोलीत उतरवून घेईन, एक काना इकडचा तिकडे करणार नाही. आणि तुमच्या त्या एसीच्या हॉलमध्ये, त्याच टेबलासमोर उभी राहून माझ्या हेलात मोठ्याने वाचीन. त्या दिवशी मी हसणार नाही.