आधी सल्ला, मग कंपनी

किस्से जमवावे लागत नाहीत. घरातली मुलगी अमेरिकेत शिकून नेरूळला परतली आणि नोकरी निवडायला बसली, की ते आपोआप साचतात! ती मुलगी मीच; नव्वदच्या दशकाच्या शेवटी दोन कन्सल्टिंग फर्म्सनी मला मुलाखतीला बोलावलं होतं. एक मोठी, एक लहान. मला मात्र तीनेक वर्षांनी प्रायव्हेट इक्विटीत जायचं होतं, तुर्भ्याचे बंद पडलेले कारखाने पुन्हा सुरू करायचे होते. त्यासाठी दोन्हींतली कुठली बरी?

*

आधी आईला समजावलं. "कन्सल्टिंग म्हणजे कंपन्यांना सल्ला द्यायचा. प्रायव्हेट इक्विटी म्हणजे फंडाच्या पैशातून कंपनी विकत घ्यायची आणि सुधारायची."

मेथी निवडता निवडता आई म्हणाली, "कळलं! आधी सल्ला द्यायचा. नाही ऐकला, की कंपनीच घेऊन टाकायची!"

*

आतेभाऊ सुधीरदादा न्हावा शेवा बंदरात माल सोडवून देणाऱ्या क्लिअरिंग एजंटकडे कामाला. तो म्हणाला, "नावाला काय भुलतेस? तू कंटेनर आहेस असं समज. कुठून लवकर सुटशील ते बघ!"

"आणि अडकले तर?"

"पडून राहिलेल्या मालावर भाडं चढतं. तुला पगाराची सवय चढेल!"

*

मोठ्या फर्ममध्ये मी कारखान्यांवर जोरदार भाषण ठोकलं. साहेब खूश. "वा! आमचं पुढचं काम तुर्भ्यातच आहे."

मी आनंदाने नाचायचीच बाकी होते.

"दोन कारखाने बंद करायचेत."

घरी येऊन मी जेवलेच नाही. बाबा समजूत काढायला आले. "अगं, कुणी बंद केल्याशिवाय तू सुरू काय करणार?"

*

लहान फर्मचे मालक सरदेसाई स्वतःच मुलाखत घेत होते. मीच उलट विचारलं, "तुमच्याकडची माणसं पुढे कुठे जातात?"

त्यांनी सुस्कारा सोडला. "जातात कुठली! क्लायंटच पळवतात, कारखाने चालवायला!"

मी तिथेच ठरवलं. हीच फर्म! आता फक्त त्यांचा होकार यायचा होता.

*

आमच्याकडे अजून फोन लागला नव्हता, नंबर खालच्या सावंतकाकूंचा दिला होता. फोन आला तेव्हा मी बाजारात. आईने घेतला.

"सरदेसाई स्वतः होते," ती म्हणाली. "विचारत होते, मुलगी टिकेल ना? मी म्हटलं, तीन वर्षं. खोटं कशाला बोलायचं? त्यानंतर ती तुमचीच कंपनी विकत घेईल!"

मी पिशवी तिथेच टाकली. "आई! अगं, मग काय म्हणाले ते?"

"मग हळूच म्हणाले, 'केवढ्याला?'"