मामांच्या गच्चीवरून जाणारे भाव

मी काय काम करतो हे पिंगळीत मामांना पहिल्यांदा समजावून सांगितलं, तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "म्हंजी तू तार टाकत न्हाईस, खांब उभारत न्हाईस, सामान विकत न्हाईस. मग पगार कशाचा मिळतो?"

"घाईचा," मी म्हणालो.

मामा एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी पालमच्या गाड्यांवर काढली. घाईचा पगार मिळतो हे त्यांना अजूनही पटलेलं नाही.

शेअर बाजारात हल्ली माणसांपेक्षा यंत्रंच जास्त सौदे करतात. भाव हलला की ज्या यंत्राला आधी कळतं ते आधी हात मारतं, बाकीची बघत बसतात. हे 'आधी' म्हणजे सेकंदाचे दहा लाख तुकडे केले तर त्यातले चार-दोन. तेवढ्यासाठी मोठमोठ्या कंपन्या जिवाचं रान करतात आणि आमच्यासारख्यांना कामाला लावतात. जमिनीखाली काचेची तार असतेच, पण काचेतून प्रकाश रेंगाळत जातो, शिवाय ती तार रुळांसोबत, रस्त्यासोबत जिकडं वळण तिकडं वळते. मोकळ्या हवेतून लहर सोडली तर ती सरळ आणि झपकन जाते. म्हणून मुंबईपासून पूर्वेच्या किनाऱ्यापर्यंत, जिथं समुद्रातली केबल जमिनीला लागते तिथवर, आम्ही टॉवरांवर डिश बसवत गेलो. एका डिशनं दुसरीकडं बघायचं, दुसरीनं तिसरीकडं. मधे काही आडवं यायला नको, बस. नकाशावर ती सरळ रेघ मारायचं काम माझं.

रेघ परभणी जिल्ह्यात शिरली तेव्हा मी मुंबईच्या ऑफिसात उगाच छाती काढून बसलो होतो. इथला कोपरा न् कोपरा मला माहीत आहे, असं साहेबांना सांगूनही टाकलं. पिंगळीजवळच्या टॉवरवर वरच्या जागा मोबाइलवाल्यांनी धरलेल्या. खालची एक रिकामी होती, ती मी घेतली. तिथून पूर्णेच्या बाजूला लहर सोडायची तर वाटेत एक टेकाड, आणि टेकाडावर मामांचं घर. नियमाप्रमाणं जागेवर जाऊन उंची मोजायची असते. मी म्हटलं, ज्या गच्चीवर आपण उन्हाळेच्या उन्हाळे झोपून काढले तिची उंची काय मोजायची? आठवणीवरच घर एकमजली धरलं आणि मोकळा झालो. लहर गच्चीच्या वरून जात होती. फार वरून नाही, पण जात होती.

त्या गच्चीच्या चारी कोपऱ्यांना सळया वर आलेल्या आहेत हे मला चांगलं ठाऊक होतं. लहानपणी आम्ही त्यांना मच्छरदाणी बांधायचो. आपल्याकडं गावोगाव घरांवर त्या दिसतात. स्लॅबच्या वर हात-दोन हात सळया सोडल्याशिवाय मिस्त्री खाली उतरत नाही. त्यांचा अर्थ एवढाच की हे घर अजून संपलेलं नाही, दिवस आले की वर निघेल. आमचं परदेशी सॉफ्टवेअर बिचारं, त्याला हे कुठून कळणार? मला कळायला पाहिजे होतं. मी त्यांना मच्छरदाणीचे खांब समजत राहिलो.

दिवस आले ते मामांच्या मुलीमुळं. ताई माझ्याहून मोठी. लग्न मोडून ती माहेरी परत आली, आणि माहेर म्हणजे दोन खोल्या न् दिवाणखाना. तिची झोपायची जागा दिवाणखान्यातला दिवाण. पाहुणा आला की आधी तिची वळकटी उचलायची, मग त्याला बसा म्हणायचं. शिलाई मशीन बोळीत. ब्लाउज शिवायला येणाऱ्या बाया आधी मामीजवळ टेकायच्या, आणि 'ही अजून हितंच का' हे कधी तोंडानं, कधी डोळ्यांनी विचारून मग मापं द्यायच्या. ताई मापं घ्यायची, बोलायची नाही. शेवटी एका दिवशी तिनं मामांना सांगितलं, मला वर एक खोली काढून द्या, आणि जिना बाहेरून. जिना बाहेरून हे तिनं दोनदा सांगितलं.

मामांनी हे मला फोनवर कळवलं. "वर काढायलोत," म्हणाले. मी म्हणालो, "लय चांगलं केलं मामा." ताईला तर मी सल्लाही दिला की खिडकी पश्चिमेला ठेव, संध्याकाळचं वारं येतं. माझ्या डोक्यात घर एका कप्प्यात होतं आणि नोकरी दुसऱ्यात, मधे भिंत.

महिनाभरात आमची पिंगळी-पूर्णा लहर आजारी पडली. सकाळी कामाच्या वेळेला खंगायची, दुपारी जेवणाच्या वेळी सुधारायची, पुन्हा खंगायची. गावच्या आठवडी बाजाराच्या दिवशी दिवसभर ठणठणीत. लहर नीट नसली की निरोप आपोआप काचेच्या तारेनं जायचे. पोचायचे, पण उशिरा, आणि आमच्या गिऱ्हाइकाला उशिरा म्हणजे न पोचल्यासारखंच. साहेबांनी बैठक बोलावली. तिथं मी उभा राहून मराठवाड्याच्या हवेवर व्याख्यान दिलं. ऊन तापलं की हवेचे थर होतात, थरांमुळं लहर वाकते, आमच्याकडची हवा वेगळीच आहे, तिथं जन्मल्याशिवाय ती कळत नाही. चित्रंही काढून दाखवली. साहेब इतके खूश झाले की हे सगळ्या टॉवरांच्या माणसांना ऐकवा म्हणाले. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकवलं. जेवणाच्या सुट्टीत हवा का सुधारते, हे कुणी विचारलं नाही, आणि मलाही सुचलं नाही.

मग ताईनं फोटो पाठवला. चारी भिंती खिडकीच्या वर गेलेल्या, आणि खाली लिहिलेलं, 'तू सांगितलेली खिडकी'. मी अंगठा पाठवला. नंतर जेवता जेवता सहज फोटो मोठा करून बघितला. खिडकीच्या चौकोनात लांबवर एक टॉवर होता, टॉवरच्या खालच्या अंगाला एक पांढरी गोल डिश, आणि ती सरळ ताईच्या खोलीत बघत होती. माझीच डिश. हवा नव्हे, भिंतीवर चढलेले गवंडी आड येत होते, जेवायला उतरले की लहर सुटत होती.

साहेबांना सांगितलं, "एक बांधकाम आड आलंय."

"कुणाचं?"

"एका स्थानिक रहिवाशाचं."

"हवेचं काय झालं मग?"

"हवा पण आहे सर."

साहेब समजूतदार माणूस. म्हणाले, "ताबडतोब जा, स्लॅब पडायच्या आत थांबवा. त्यांना काय पाहिजे ते विचारा. लहर गेली तर हे गिऱ्हाईक गेलं, आणि गिऱ्हाईक गेलं तर ही सबंध रेघ कुणासाठी ठेवायची?" स्थानिक रहिवासी माझे मामा आहेत हे सांगायला माझी जीभ रेटली नाही.

पिंगळीला उतरून घरी पोचलो तर दारात मिक्सर उभा, खडीचा ढीग, आणि वर सेंट्रिंगच्या लोखंडी प्लेटा लागलेल्या. स्लॅब त्याच दिवशी पडणार होता. मामींना वाटलं मी त्यासाठीच आलो. पोह्यांची बशी हातात दिली. मी घाबरत घाबरत सुरुवात केली. थेट सांगायचा धीर नव्हता, म्हणून म्हणालो, "मामा, वास्तूच्या हिशेबानं हितं वर चढवणं बरं न्हाई म्हणतात."

ताई वाळू चाळणाऱ्या बाईला पाणी देत होती, तिथूनच म्हणाली, "कवापासून बघायलास वास्तू? खिडकी तर तूच सांगितलीस."

मग खरं सांगावं लागलं. सांगून होईपर्यंत पोहे गार झाले.

"आसं म्हण," मामा म्हणाले. "मुंबईचे भाव माझ्या गच्चीवरून जायलेत. आन तिकीट?"

"मामा, मस्करी न्हाई, माझ्या नोकरीचा सवाल हाय."

"मी कुठं मस्करी करायलो? फुकट नेलं आस्तं तर माझीबी नोकरी गेली आस्ती."

मामी म्हणाल्या, "आधी खाऊन घे बाबा, मग घर पाड."

"पाडायचं न्हाई मामी. फक्त वर जायचं न्हाई."

"मग पोरीनं काय खाली जायचं, भुईत?"

ताई पाण्याचा तांब्या खाली ठेवून वर चढून गेली. मी मागोमाग गेलो. बाहेरच्या जिन्याला अजून कठडा नव्हता, मी भिंतीला धरून चढलो. वर प्लेटांखाली टेकूंचं रान झालेलं, त्यातून वाकून आम्ही खिडकीपाशी गेलो. ताईनं विचारलं, "ही लहर केवढी आस्ती? दोऱ्यावाणी?"

"दोऱ्यावाणी न्हाई. मधे पोट सुटलेलं आस्तं तिला. आजूबाजूलाबी मोकळी जागा लागती."

"मग त्या भिंतीलाबी खिडकी पाडू की समोरासमोर. हिकडून आत, तिकडून भाईर."

खरं सांगतो, मी मोजायला लागलो. पावलांनी खोली मोजली, खिडकीची रुंदी हातानं घेतली, मनातल्या मनात लहरीचं पोट काढलं. लहर कशीबशी, अंग चोरून गेली असती. उत्साहानं म्हणालो, "होतंय ताई, जमतंय. फक्त मधे कुणी उभं राहायचं न्हाई."

"म्हंजी मी केस विंचरायला उभी राहिले की तुमचा सौदा बुडणार."

"बुडणार न्हाई. जरा उशिरा पोचंल."

"आन मशीन कुठं ठेवू? पलंग?"

"कोपऱ्यात."

"आन बाया माप द्यायला आल्या तर?"

"त्यांनी वाकून..." मी वाकूनच दाखवत होतो. ताई हसली नाही. खिडकीच्या चौकटीवरची वाळू झटकत म्हणाली, "खाली सगळे मला सांगत्यात कुठं बसायचं, कुठून जायचं. हितंबी तूच सांगणार का?"

तरी मी शेवटचा प्रयत्न केला, मनातल्या मनात. टॉवरवर कुणाच्या हातापाया पडून डिश एका मजल्याएवढी वर सरकवली तर? मी प्लेटांवर चढून टॉवरचा अंदाज घेऊ लागलो. तिथं मिस्त्री जाळी बांधत होता, आणि कोपऱ्याकोपऱ्यातून सळया वर आल्या होत्या, चांगल्या कमरेएवढ्या. "ह्या कशाला?" मी विचारलं.

मिस्त्रीनं खाली बघितलं. मामा जिन्यावरून म्हणाले, "तुझ्यासाठी. तुझी ही घाईची नोकरी काय टिकायची न्हाई, मग कुठं राहशील?"

म्हणजे हे घर आणखी वर जाणार होतं, आणि माझ्यामुळंच. डिश किती सरकवायची? मी प्लेटांवर खाली बसलो. खिशात साहेबांचा फोन वाजत होता.

तेवढ्यात खालून मामींनी हाक मारली, मिक्सरवाला खोळंबलाय. मामांनी हळदकुंकू लावलेला नारळ माझ्या हातात दिला. आमच्याकडं भाचा मानाचा. घरात भाचा असताना नारळ दुसऱ्यानं फोडायचा नसतो. गड्यांनी टोपली खाली ठेवली. सगळे माझ्याकडं बघत होते, फक्त ताई बघत नव्हती. ती जिन्याच्या वरच्या पायरीवर पाठमोरी उभी होती, पदर दोन्ही हातांनी घट्ट धरून. तिला वाटत होतं मी नाही म्हणणार. तिच्या पाठीवरूनच कळत होतं.

मी नारळ फोडला. एका फटक्यात फुटला नाही, तिथंही माझी इज्जत गेली. तिसऱ्या फटक्याला पाणी शर्टावर उडालं. मिक्सर सुरू झाला.

फोन उचलला. साहेबांनी विचारलं, "काय झालं?"

"सर, स्लॅब पडायला लागला."

"तुम्ही तिथं असताना?"

"नारळ मीच फोडला सर. घर माझ्या मामांचं आहे. उंची मी मोजलीच नव्हती. हवेचा काही दोष नाही."

साहेब म्हणाले, "जेवून घ्या. आणि वळसा किती पडेल ते संध्याकाळपर्यंत सांगा."

जिलबी खाता खाताच नवा हिशेब केला. टेकाडाला बाजूला टाकून पलीकडच्या टॉवरवरून रेघ वाकवली तर सेकंदाच्या दहा लाख तुकड्यांतले थोडेसे वाया जात होते. ऐकायला काहीच नाही, पण दुसऱ्या कंपनीची रेघ तेवढ्यानं आमच्या पुढं गेली आणि गिऱ्हाईक तिकडं गेलं. दुसरं मिळेपर्यंत साहेबांनी पुष्कळ बोलणी खाल्ली. रेघा मारायचं काम माझ्याकडून काढून घेतलं आणि परभणीकडच्या टॉवरांची देखभाल दिली. बढतीच्या उलट जे काय असतं ते. मामांना सांगितलं तर म्हणाले, "बरं झालं, आता निदान गाड्या वेळेवर पकडशील."

खोली पुरी झाल्यावर एकदा टॉवरचं काम आटपून दुपारी तिकडं गेलो. मामी खाली दारात रुसून बसल्या होत्या. बाया आता परभारे वर जातात, खाली कुणी चहालासुद्धा टेकत नाही, अशी तक्रार. मी बाहेरच्या जिन्यानं चढलो. सवयीनं दार ढकललं. आतून कडी होती.

"कोण?" ताईनं विचारलं.

"मी."

"थांब."

मी पायरीवर उभा राहिलो. आत मशीन चालू होतं. चालूच राहिलं. एक शिवण संपली, कापड फिरवल्याचा आवाज आला, दुसरी सुरू झाली. ऊन डोक्यावर होतं, आणि मी दार वाजवलं नाही.