कारवीचे तीन कूड

आगबोटीच्या बॉयलरवरची नोकरी सोडून तो जव्हारला आमच्या शेजारी राहायला आला आणि अंगणात त्याने कारवीचे तीन कूड आडवेतिडवे उभे केले. दारापर्यंत जायला तीन वळणं घ्यावी लागत.

"बॉयलरात असेच पत्रे असतात, दादा. कोरडी वाफ वळून पुढे जाते. पाणी जड, ते आदळून खाली पडतं."

त्याच्या बकरीने माझी नागली खाल्ली तेव्हा मी तणतणत निघालो. तिसऱ्या वळणापर्यंत निम्म्या शिव्या गळून गेल्या.

"आता कोरडं तेवढं बोला," तो हसत म्हणाला.

त्याने आपल्या मुलीला मोखाड्याला सासरी धाडलं, त्या संध्याकाळी तो माझ्याकडे आला.

"तुमच्या अंगणात कूड नाहीत, म्हणून आलो," म्हणाला आणि ओट्यावर बसून पोटभर रडला.